मालतीच्या गळ्यातली सासू

पुतळाबाई गेली त्याला वर्ष होत आलं आणि तिचा आवाज सुनेच्या गळ्यातून येऊ लागला. ही त्र्याण्णव सालची गोष्ट.

सून मालती तलासरीकडची. नवरा कारभारी धुळ्याकडचा, सिल्वासाच्या एका धाग्याच्या फॅक्टरीत कामाला. तिथल्याच अथालच्या चाळीत एका खोलीत सासूसुनेनं बरीच वर्षं काढली, तरी सासूची अहिराणी मालतीच्या तोंडी कधी बसली नाही. मालतीचा गळा गोड होता. चाळीत कुणाची हळद असली की गायला तिलाच बोलवायचे. त्या पावसाळ्यात तो बसला तो बसलाच. आधी घोगरा झाला, मग कोरडा, दर शब्दाआधी थांबून श्वास घेणारा. म्हातारी शेवटी अशीच बोलायची. भिंतीपलीकडची कोंडाबाई तो आवाज ऐकला की हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभी राहायची.

मालतीला आडवंही होता येईना. पडली की गुदमरायची, म्हणून भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपायची.

कारभारी भ्याला नाही. कोंडाबाईला त्याचीच जास्त धास्ती वाटे. शिफ्टवरून आला की तो बायकोसमोर मांडी घालून बसायचा आणि आई म्हणून हाक मारून गावच्या गोष्टी विचारायचा. मालती तोंड फिरवून घ्यायची.

शेवटी कोंडाबाईनं दोघांना सरकारी दवाखान्यात नेलं. अलका डॉक्टरांनी मालतीला डाव्या कुशीवर वळवून छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का, विचारलं. सुजले होते. मग त्यांनी कारभारीचा तळहात तिच्या छातीवर डावीकडे ठेवला. आत मांजर गुरगुरावं तसं काहीतरी थरथरत होतं.

"आई आहे," तो म्हणाला.

"रक्त आहे," डॉक्टर म्हणाल्या.

त्या तापानं हृदयाची एक झडप आकसलीय, त्यांनी समजावलं. रक्ताला पुढे जायला वाट पुरत नाही, ते मागे फुप्फुसांकडे तुंबतं, म्हणून दम लागतो. झडपेमागचा कप्पा फुगलाय, तो आवाजाची नस दाबतोय. मुंबईत मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करतात. त्यांनी गोळ्या दिल्या आणि लगेच जायला सांगितलं.

गोळ्यांनी दम जरा कमी झाला. आवाज तोच राहिला. दिवाळी गेली तरी कारभारी हलेना. झडप उघडली की आई जाईल, असं त्यानं कोंडाबाईला सांगितलं.

एका सकाळी मालतीला खोकल्यातून रक्त पडलं. कोंडाबाई धावत आली. मालतीनं तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. आजवर तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"कारभारी," ती म्हणाली, "माले जाऊ दे."

तो उठला आणि रिक्षा घेऊन आला.

मुंबईत फुग्यानं झडप उघडली. मालती सपाट पडून झोपली. तिचा स्वतःचा आवाज परत यायला मात्र उन्हाळा उजाडला. पुढच्या तपासणीला कारभारी बाहेर बाकावर बसला होता, तेव्हा ती अलका डॉक्टरांना म्हणाली, "नाव मी मुद्दाम घेतलं. ते फक्त आईचंच ऐकायचे. पण मी 'मला' म्हणाले होते, बाई. ह्यांनी आणि कोंडाबाईनं, दोघांनी 'माले' ऐकलं."

डॉक्टरांनी तिच्या कागदावर पुढची तारीख लिहिली. मग तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून पेनिसिलिनचं इंजेक्शन एकदाही चुकवू नकोस, एवढंच म्हणाल्या.