उस्तादांना गाडीपर्यंत

आमच्या राष्ट्राध्यक्षांचा स्वभाव राजवाड्यातला माळीसुद्धा ओळखून होता. बैठकीत कोण किती घसा फोडतो याला कवडीची किंमत नव्हती. त्यांच्या खोलीतून जो शेवटी उठेल, त्याचंच खरं व्हायचं. म्हणून सल्लागार मंडळी कॉफीचा गाळ सुकेपर्यंत खुर्च्यांना चिकटून बसायची. मी नुसता त्यांची भाषणं लिहायचो, त्यामुळे माझी गणती टेबलखुर्च्यांत.

त्या दुपारी विषय दक्षिणेतल्या खाणगावाचा होता. फॉस्फेटच्या खाणीतून कमी केलेले लोक रुळांवर बसले होते. सल्लागारांतला लझार त्याच गावचा. त्याचा धाकटा भाऊ अम्मार रुळांवर होता, हे त्याने राष्ट्राध्यक्षांना सांगितलं नव्हतं. सल्लागारांतल्याच म्हाताऱ्या उस्ताद सादोकना मात्र विश्वासाने सांगितलं होतं. उस्तादांनीच त्याला कायदा शिकवला, राजवाड्यात आणलं, आणि आता तो डोईजड झाला म्हणून तेच आतून जळत होते.

"मंत्री पाठवा, साहेब," लझार म्हणाला. "माझी माणसं आहेत ती. चहा पितील, शिव्या देतील, रडतील आणि उठतील."

"आणि नाही उठली तर?" उस्ताद म्हणाले. "लष्करच हवं. नाहीतर उद्या सगळा देश रुळांवर बसेल, बाळ."

राष्ट्राध्यक्षांनी जरा विचार केला. "मंत्री जाऊ दे. लष्कर नको."

लझारचा चेहरा उजळला. उस्ताद गुडघ्यावर हात टेकत उठले. "जिंकलास हो! चल, म्हाताऱ्याला गाडीपर्यंत तरी सोड."

आमच्याकडे गुरू उठल्यावर शिष्य बसून राहिला, तर लोक त्याच्या आईला नावं ठेवतात. शिवाय दोघंही बाहेर पडत होते, मग धोका कसला? लझार उठला.

मी खिडकीतून पाहत होतो. लझारने गाडीचं दार उघडून धरलं. उस्तादांनी खिसे चाचपले. लझार धावत निघाला, तसं त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि ते एकटेच वर आले.

"चष्मा राहिला," दारातून म्हणाले. चष्मा खरंच खुर्चीत होता. तो पुसत त्यांनी राष्ट्राध्यक्षांना एवढंच सांगितलं, "त्याचा सख्खा भाऊ तिथे रुळांवर आहे. सल्ला देशासाठी होता की घरासाठी, ते तुम्हीच बघा."

राष्ट्राध्यक्षांनी फोन उचलला. खाली लझार उन्हात दार धरून उभा होता. गुरूला निरोप दिल्याशिवाय हलायचं कसं? या पोराने एक दिवस उद्धटपणा केला असता तर काय बिघडलं असतं! अजून जीव हळहळतो माझा.

लष्कर गेलं. गोळीबारात अम्मार मेला.

लझार राजीनामा देऊन गावी गेला. दुखवट्याला मी गेलो, तेव्हा उस्तादही आलेले. कुसकुसचे दोन घास खाल्ले, "अल्लाह धीर देवो" म्हणाले आणि उठले. लझारही उठला.

त्याच्या आईने त्याचा हात धरला. "बस खाली. त्याला पाय आहेत त्याचे."

"दारी आलेला पाहुणा आहे, आई," म्हणत त्याने हात सोडवून घेतला.

मीही मागोमाग गेलो. लझारने गाडीचं दार उघडून धरलं, उस्ताद आत बसले. मग तो वाकला आणि नेहमीच्याच आदबीने म्हणाला, "चष्मा घेतलात ना, उस्ताद? राहिला असेल तर या वेळी मी आणतो."

उस्तादांचा हात खिशाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. लझारने दार हळूच लावलं.