बोनेटवरचा पक्का रंग

भूपेशचा साळा संजीव जेवताना सहज बोलून गेला, की गाडीचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेल्यापासून त्याचं व्याज नऊ-एक टक्क्यांवर आलंय. तेव्हापासून भूपेश मिहानमधल्या ऑफिसात धड बसला नाही. त्याचं स्वतःचं व्याज पावणेबारा होतं, आणि नवा बूट चावावा तसं ते आता पावलोपावली कळायला लागलं होतं.

महिनाभर फोन करून त्यालाही नऊ-एकवाली बँक मिळाली. सगळे खर्च वजा जाता महिन्याला सहाशे ऐंशी वाचणार होते. त्यातले साडेसहाशे बायकोने, ऋतुजाने, लेकीच्या पोहण्याच्या क्लासला लावून टाकले. सोनिकाचा स्विमसूटही आला. शनिवारी बँकेचा माणूस गाडी बघायला येणार, तो बरी म्हणाला की काम झालं.

शनिवारपर्यंत नुसतं थांबायचं होतं. तेवढंच भूपेशला जमत नव्हतं. बुधवारी त्याने गाडी दोनदा धुतली आणि दुसऱ्या वेळी त्याला बोनेटवरचं स्वस्तिक खुपलं. ते दोन वर्षं तिथेच होतं. घरी पूर्वी दसऱ्याला हातमागाची पूजा व्हायची. माग विकल्यावर आई, तुळजाबाई, गाडीची करू लागली. कुंकू पावसाने जातं म्हणून तिने लुगड्याच्या काठासाठीचा उरलेला लाल रंग व्हार्निशात कालवला होता.

भूपेशने शॅम्पू लावून पाहिला, मग टूथपेस्ट, मग रॉकेल. स्वस्तिक उजळलं.

"काहून घासून राहिला बाबू?" तुळजाबाई दारातून म्हणाली. "कोष्ट्याच्या घरचा रंग आहे तो. गाडी जाईन, तो नाही जायचा."

गुरुवारी रजा टाकून तो जरीपटक्याला गाड्या रंगवणाऱ्याकडे गेला. पेंटरने अठ्ठावीसशे घेऊन बोनेट कोरं करकरीत करून दिलं.

शनिवारी बँकेचा माणूस रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. दारांवर आकडा नेहमीचा आला. बोनेटवर आकडा तिप्पट झाला. ॲक्सिडेंट कधी झाला, असं त्याने विचारलं. भूपेशने मागापासून रॉकेलपर्यंत सगळं सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकलं आणि फॉर्मवर 'समोरून धडकेची शक्यता' असं लिहिलं.

"स्वस्तिक राहू द्यायचं ना साहेब," तो निघताना म्हणाला. "दहात सहा गाड्यांवर राह्यते. आम्ही त्याले पाहतबी नाही."

सोमवारी बँकेचं उत्तर आलं. कर्ज मिळेल, साडेबाराने.

अठ्ठावीसशे म्हणजे पोहण्याचे चार महिने आणि वर थोडं, एवढंच ऋतुजाने भाजी निवडता निवडता सांगितलं. स्विमसूट दुकानवाले परत घेत नव्हते.

संध्याकाळी तुळजाबाई लाल रंगाची वाटी घेऊन बाहेर आली. कोऱ्या बोनेटवर तिने पहिली रेघ ओढली. भूपेश गाडीभोवती फेऱ्या मारत होता. दुसऱ्या रेघेला त्याने विचारलं, किती वेळ लागेल.

"वाळेपर्यंत तरी थांबशीन का?" ती म्हणाली.

तो थांबला. मग वाकून फुंकर घालायला लागला.