पाचवं दार

तीन आठवड्यांत चौथ्यांदा गाडीने मला तोंडघशी पाडलं. किल्ली फिरवली की टक टक, मग चिडीचूप. नवी बॅटरी घातली, ती दोन दिवस चालली आणि पुन्हा तेच रडगाणं.

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. यंत्राने मला गंडवावं हे मला खपत नाही. तारा घासल्या, स्टार्टर पाहिला, फ्यूज एकेक काढून तपासले. तोंडाने शिव्या चालूच. पूर्वी त्या ऐकायला बायको होती. "गाडीला कान आहेत का?" म्हणायची. ती जाऊन सात महिने झाले. घर खायला उठतं, म्हणून मी गाडीशी भांडतो. चालवताना मागे काहीतरी खडखडायचं, पण तेवढं मी चालवून घेत होतो.

त्यात रविवार तोंडावर आला. मुलीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, रविवारी स्वतः गाडी चालवत या, मग खुशाल एकटे राहा. नाहीतर मी येऊन घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला इकडे आणणार." ती बोलते तसं करते. आईवर गेलीय.

शेवटी नाक मुठीत धरून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने मीटर लावला.

"काका, गाडी बंद असूनही करंट जातोय. दारं नीट लागतात ना?"

लिफ्ट अडली की आधी दार बघायचं, हे मी कितीतरी पोरांना शिकवलंय. आणि हा मला विचारतोय. "चारही दारं तपासलीत," मी म्हणालो.

"आणि डिकी?"

मी मागे गेलो. डिकी वरून बंद दिसत होती, पण हादऱ्यांनी कडी सरकून हल्लीच अर्धवट सुटलेली. फटीतून आतला दिवा दिसत होता. त्याने झाकण उचललं. आत बायकोची व्हीलचेअर. हॉस्पिटलमधून एकटा परतलो, त्या दिवशी मी ती तशीच कोंबली होती. पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडायच्या राहिल्या, त्याच झाकणाला अडत होत्या. त्यानंतर डिकी उघडायची हिंमतच झाली नाही.

"पट्ट्या दुमडल्या की झालं," तो हात घालत म्हणाला.

"हात लावू नकोस. त्यांच्यावर तिचे पाय होते. बल्ब काढ."

त्याने बल्ब काढला.

रविवारी गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. मुलीच्या घरून परत निघताना तिने डबे ठेवायला डिकी उघडली आणि तशीच उभी राहिली. मग डबे खाली ठेवून तिने विचारलं, "आई आधी कुठली दुमडायला सांगायची?"

"उजवी."

तिने खुर्ची धरली, मी उजवी दुमडली, मग डावी. झाकण पहिल्याच झटक्यात बसलं.

"चालवत आलात. आता मी काही बोलणार नाही," ती म्हणाली. तिने डबे पुढच्या सीटवर ठेवले. मला थांबावंसं वाटत होतं. पण मी जिंकलो होतो, म्हणून गाडीत बसलो.

चौक ओलांडला तेव्हा लक्षात आलं, मागची खडखड थांबलीय. सात महिने मी तिच्याच सोबतीने गाडी चालवत होतो. घरापर्यंत मागून काहीही आवाज आला नाही.