क्लेमसाहेब उठले

माझ्या लेकाला, कर्टिसला, तुरुंगात जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्या पॅरोलची सुनावणी दोनदा पुढे ढकलली, आणि ती काही त्याच्या वागण्यामुळे नव्हे. सुनावणीला पॅरोल मंडळाची निदान तीन माणसं लागतात, होती दोनच. तिसरी खुर्ची चौदा महिने रिकामी! गव्हर्नरांनी ओडेसा ग्रिग्ज या बाईंचं नाव दिलं होतं, पण सिनेटची मंजुरी हवी, आणि आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आज राहिलं की थेट पुढचा जानेवारी.

म्हणून मी आणि माझी नणंद विल्मा सकाळपासून वरच्या गॅलरीत बसलो होतो, ढुंगण बधिर होईपर्यंत.

आमच्या राज्यातली रीत अशी, की ज्याचं नाव पुकारलं त्याच्या भागाच्या सिनेटरने उठून उभं राहायचं. तो उठला की बाकीचे हो म्हणतात. तो बसून राहिला की नाव बाद. का, ते कुणी विचारत नाही. ओडेसाबाईंच्या भागाचे सिनेटर म्हणजे हॉबर्ट क्लेम. बाई प्रोबेशन अधिकारी होत्या तेव्हा देखरेखीवर सुटलेल्या क्लेमच्या भाच्याने सुटकेचा नियम मोडला, म्हणून त्यांनी त्याला पुन्हा कोर्टात उभं केलं. झालं! म्हातारा तेव्हापासून डूख धरून आहे.

"वहिनी, हा काही उठत नाही गं," विल्मा म्हणाली. "बघ ना, कसा फतकल मारून बसलाय."

"तोंड आवर तुझं." मी कठड्यावरून खाली वाकले.

"ओडेसा ग्रिग्ज," अध्यक्षांनी वाचलं. क्लेम छताकडे बघत राहिले. नाव बाद झालं असं समजून ते उठले, दाराकडे वळले, आणि नेमकी तेव्हाच अध्यक्षांनी कागदांतून मान वर केली.

"सिनेटर क्लेम उभे आहेत."

"अहो, मी बाथरूमला चाललोय!"

सगळे खो खो हसले. अध्यक्ष म्हणाले, "मग बाईंना विरोध अशी नोंद करू? कारण काय लिहू?"

बसून राहिलं तर कारण द्यावं लागत नाही. उभं राहून नाही म्हटलं तर मात्र द्यावं लागतं, म्हणजे भाच्याचं नाव चारचौघांत घ्यावं लागलं असतं. क्लेम लालबुंद झाले. मागच्या बाकावर ओडेसाबाई ताठ बसून त्यांच्याकडेच बघत होत्या.

"काही लिहू नका," ते शेवटी म्हणाले. "बाई खडूस आहे. पण आमच्या घरच्यालाही तिने तोच नियम लावला. घ्या तिला. आणि मला जाऊ द्या आता!"

सगळे एका सुरात हो म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. विल्माच्या गळ्यात पडून मी हमसून हमसून रडले.

खाली जाऊन मी बाईंचा हात धरला. "बाई, माझा कर्टिस..."

त्यांनी हात सोडवून घेतला. "त्याच्याबद्दल मला काही सांगू नका. फाईल वाचून मी नाहीसुद्धा म्हणेन."

"बघितलंस, वहिनी?" विल्मा फणकारली.

"म्हणा की नाही," मी बाईंना म्हणाले. "पण त्याच्यासमोर बसून म्हणा. चौदा महिने त्याला नाही म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं."