आप्पांचा डावा हात

पुण्यातला केंडोचा क्लब बंद झाला तो हॉलच्या लाकडी जमिनीमुळे. फळ्या फुगल्या होत्या, काही ठिकाणी पाय आत जायला लागला होता. दुरुस्ती होईपर्यंत सराव नाही, असं तिथे शिकवणाऱ्या उमाकांत सरांनी सांगितलं आणि जाताना सगळ्यांना बजावलं, "घरी रोज हात फिरवा. हात फार लवकर विसरतात."

कामिनी केंडो शिकत होती. बांबूच्या तलवारीनं खेळायचा हा जपानी खेळ. त्या तलवारीला शिनाई म्हणतात. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती, म्हणून ती लॅपटॉप, शिनाई आणि चिलखताची पिशवी घेऊन गावी आली. गाव प्रकाशा या तीर्थक्षेत्राच्या पुढे, तापीच्या काठावर. गावाभोवती केळीचे आणि उसाचे मळे.

यायला दुसरंही कारण होतं. दिवाळीनंतर तिच्या वडिलांना, हेमराज आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय बराचसा सुधारला, पण उजवा हात ढिला पडला आणि जीभ जड झाली. पूर्वी मळ्याच्या या टोकाला उभं राहून ते त्या टोकाच्या मजुराला हाक मारत. आता कुणी भेटायला आलं की ते आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं सोंग घेत. शहाद्याच्या डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी एके दिवशी गोठ्यात भिरकावला होता. कामिनीची आई, फुलवंताबाई, मळाही बघायची आणि त्यांनाही.

कामिनी सकाळी उन्हं वर यायच्या आत अंगणात उभी राहायची. अनवाणी, डाव्या पायाची टाच किंचित उचललेली. शिनाई डोक्यावर न्यायची आणि समोर कपाळ असल्यासारखी खाली आणायची. पाय जमिनीवरून सरकायचे. क्लबात प्रत्येक फटक्याबरोबर ओरडायचं असतं, इथे मात्र ती तोंड मिटूनच सराव करायची. आप्पा ओसरीवरच्या खाटेवर बसून बघायचे.

मग एका सकाळी म्हणाले, "कोनले मारी ऱ्हायनी तू?"

शब्द जड होते, पण तिला कळले.

"कोनलेच नही, आप्पा. हाताले वळन लावी ऱ्हायनू."

"एवढी ताकद शे तुन्हा उजवा हातमा?"

"यामा डावा हात खरा शे," ती म्हणाली. "तोच उचलस, तोच मारस. उजवा फक्त संगे ऱ्हास. वाट दखाडस."

आप्पांनी मांडीवरचा डावा हात एकदा उघडून मिटला. दुसऱ्या दिवशी ते खाटेवरून उठले, खांबाला धरून पायरी उतरले आणि डावा हात पुढे करून म्हणाले, "दे इकडे."

तिनं शिनाई दिली. डाव्या हाताची मूठ टोकाशी, उजवी वरच्या बाजूला, असं तिनं बसवून दिलं. आप्पांनी ती उचलली. खांद्यापर्यंत आली, तेवढ्यात उजवी बोटं सुटली, तोल गेला आणि शिनाई फरशीवर आपटली. कामिनीनं त्यांना सावरलं. त्यांनी तिचा हात झटकला आणि आत निघून गेले. दुपारी जेवायलाही बाहेर आले नाहीत.

फुलवंताबाई भाकरी थापताना म्हणाली, "तुले काय गरज व्हती? पडी गयात तर कोन उचली तेस्ले? तू जाशी पुन्याले. आठे मीच शे."

आईचं खोटं नव्हतं. त्यानंतर ती गच्चीवर सराव करू लागली. आप्पांना दिसायला नको, त्रास व्हायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. तिथे पाय लवकर भाजायचे आणि वाऱ्यानं केळीची पानं फडफडायची. मन काही लागत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी ती वर असताना जिन्याच्या तळाशी काठी ठोकल्याचा आवाज आला. तिनं वाकून बघितलं. आप्पा मान वर करून उभे होते. जिना त्यांना चढता येत नव्हता.

"खाले ये," ते म्हणाले. "आठून मले काही दिखस नही."

ती खाली आली. आप्पांनी पुन्हा हात पुढे केला. कामिनीनं आईकडे पाहिलं. फुलवंताबाई दारात उभी होती. ती आत गेली आणि जुन्या लुगड्याची एक पट्टी घेऊन आली. नवऱ्याची उजवी बोटं शिनाईभोवती एकेक करून मिटवली आणि पट्टीनं बांधून टाकली. "घट्ट झायी का?" तिनं विचारलं. आप्पांनी मान हलवली. मग ती त्यांच्या मागे, पडले तर धरता येईल इतक्या अंतरावर, उभी राहिली.

त्या दिवशी शिनाई डोक्याच्या वर गेली. खाली आली ती वाकडीतिकडी, पण हातातून सुटली नाही.

पुढे ते रोजचंच झालं. कामिनी आधी स्वतःचा सराव करायची, मग आप्पांना उभं करायची. पुन्हा चिडणंही झालं, एकदा पट्टी सोडून फेकणंही झालं. पण दुसऱ्या सकाळी ते हजर असायचे. फुलवंताबाई आता मागे उभी न राहता ओसरीवर बसून गवारीच्या शेंगा मोडायची.

"समोर कोनी नही. हवाले कितला दिन मारसू?" आप्पा एकदा वैतागून म्हणाले.

कामिनी आत गेली आणि चिलखत घालून आली. छातीवर कवच, डोक्यावर लोखंडी जाळीची जाड टोपी. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "मले मारा. डोकावर."

आप्पांनी शिनाई खाली केली. "मी तुन्हावर कधी हात नही उचला. आते बी नही."

"आप्पा, हाई टोपी मार खावाकरताच शे. क्लबमा सर बी आमना मार खातस. समोरचा उभा नही ऱ्हायना तर कोनलेच शिकता येस नही."

त्यांनी जाळीतून तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी शिनाई उचलली आणि टोपीला नुसती टेकवली.

"जोरमा. आनि वरडा. मारताना 'मेन' म्हनानं. जपानीमा मेन म्हंजे डोकं."

आप्पांनी ओठ घट्ट मिटले. कामिनीनं घाई केली नाही. त्यांनी श्वास घेतला, डावा हात वर गेला, उजवा बांधलेला त्याच्यासोबत गेला.

"मेऽऽन!"

शब्द कसला, नुसती जाड, ओबडधोबड आरोळीच निघाली. फटका टोपीच्या मध्यावर खाडकन बसला. गोठ्यातली म्हैस दचकून उठली. शेजारच्या जमनाबाई पिठाचे हात तसेच घेऊन फाटकातून धावत आल्या.

"काय व्हयनं व कामिनी? कोन वरडनं?"

आप्पा एरवी आत गेले असते. आज ते तिथेच उभे राहिले, धापा टाकत, घामाघूम.

"मी," ते म्हणाले. "मी वरडनू. आंडेर... शिकाडी ऱ्हायनी."

लेक बापाला शिकवतेय हे ऐकून जमनाबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी म्हनू चोर उना," त्या म्हणाल्या आणि हसत पायरीवरच बसल्या. आप्पाही हसले. फुलवंताबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, ते कामिनीला जाळीतून नीट दिसलं नाही.

क्लबात नव्या फळ्या बसल्या, सरांचा निरोप आला. तोवर आप्पांचा हात काही पूर्वीसारखा झाला नव्हता. जेवताना घास डाव्याच हातानं घ्यावा लागे आणि सदऱ्याची बटणं फुलवंताबाईच लावायची. पण दोन बोटांना जोर आला होता, आणि संध्याकाळी ते चौकातल्या बाकावर जाऊन बसू लागले होते. शिनाई त्यांच्यासाठी ठेवून जायचं ठरलं. कामिनी पुण्यात दुसरी घेणार होती.

निघायच्या दिवशी ते फाट्यापर्यंत चालत आले. एसटी थांबली. कंडक्टरनं चिलखताची फुगलेली पिशवी बघून विचारलं, "काय शे यामा? मोठं ओझं दिखस."

कामिनी सांगणार होती, पण आप्पांनी तिला हातानं थांबवलं. ते एकेक शब्द जमवत बोलू लागले. जपान. तलवार. बांबूनी. मन्हा आंडेरनं चिलखत. एका शब्दावर जीभ अडली, त्यांनी तो सोडला नाही. मागून कुणीतरी घंटी वाजवली. कंडक्टर पायरीवर एक पाय ठेवून, आप्पांचं बोलणं संपेपर्यंत ऐकत उभा राहिला.