माह्या दारावरची थाप

दोस्तहो, मी एक जुना राऊटर आहो. आलापल्लीले चैतूभाऊच्या घरी, सागाच्या फळीवर बसतो. अँटेनाचे दोन शिंगं होते, एक मोडलं. ते आता काळ्या टेपनं बांधलं आहे.

कारखान्यातून निघालो तवा नुसता झगमग करत होतो. चैतूभाऊची पोरगी प्रिया लोकाईचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, म्हून तिनं मले घरी आनलं. बाहेरचा एक पक्का नंबर बी घेऊन देल्ला, म्हंजे बाहेरून येनारा सिद्धा माह्याच दारात यावा. सुरुवातीले लय कौतुक होतं. बारावीचा निकाल असला का अर्धा मोहल्ला माह्यापुढं हात जोडून उभा. मंग सवय झाली. धूळ बसली, पालीनं पोटाखाली अंडे घातले. आता चाललो तं कोनी पाहत नाई, अटकलो तं पह्यली शिवी मलेच.

यंदाच्या पान्याची गोष्ट सांगतो.

प्रियाचा मोठा भाऊ लोकेश भामरागडच्या पलीकडं एका दवाखान्याच्या उपकेंद्रात कामाले आहे. तिकडचे टावर पान्यात झोपते. वरतून त्याचा मोबाइल नाल्यात वाहून गेला. उरला उपकेंद्रातला जुना कम्प्युटर आनि सोलरवर चालनारं नेट. म्हून भाऊ-बहीन गेमवर भेटत, घरं बांधाचा गेम. प्रिया आपल्या लॅपटॉपवर गेम उघडे, लोकेश तिकडून माह्या दारावर थाप मारे, मी ते थाप लॅपटॉपपाशी नेऊन देवो. आदल्या दिवशी त्यानं तिथीच लिहून सांगितलं, "उद्या नाल्यापलीकडं दवा वाटाले जातो. दिवे लागता लागता गेमवर येतो. नाई आलो तं समजजा, पान्यात अटकलो."

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ गरजलं. आमच्या इथी गरजलं का पह्यले वायरा उपटाची रीत आहे. विजेनं लोकाईचे टीव्ही जळले, तवापासून कोनी ऐकत नाई. प्रियाच्या मायनं, बुधरीबाईनं, मले उपटलं. उघाड झाल्यावर परत लावलं. पन उठलो का मी घरातल्या सगळ्याईले नवे नंबर वाटतो, जो आंधी येईन त्याले आंधी. लॅपटॉप बंद होता. त्याचा पंधरा नंबर गेला बुधरीबाईच्या मोबाइलले. आनि मले तं सांगून ठेवलं होतं, गेमची थाप आली का पंधराले दे.

दिवे लागले, पानी परत सुरू झालं. लोकेशची थाप आली. मी नेली पंधराले. मोबाइल चुलीजवळ पडला होता, त्याले काय गेम समजते? थाप तिथीच मेली. परत आली, परत मेली. मले तोंड कुठी आहे सांगाले? हिरवा लाइट लुकलुकत राह्यला, आनि घरवाले समजले, सगळं बराबर आहे.

"आला का?" चैतूभाऊ.

"नाई, बाबा."

चैतूभाऊनं रेनकोट चढवला. "मी जाऊन पाहतो."

"थांब ना, मी पाहून राह्यली!"

"तू गेम पाहत बस. पोरगा पान्यात आहे माह्या."

प्रियानं गेम बंद करून चालू केला. मले बी बंद-चालू करून उठाबशा काढाले लावल्या, पन मोबाइलनं परत पंधराच पकडला. मंग चामोर्शीच्या दोस्ताले फोन लावला. "विक्की, तू ये बरं गेमवर."

"येऊन तं राह्यलो. पाहुन्याले बलावते आनि आतून कडी लावते का वं?"

प्रिया उठून उभीच झाली. "बाबा! विक्कीले बी येता येऊन नाई राह्यलं. चूक आपल्याच घरात आहे. दादा दारात उभा असन!"

"विक्की चामोर्शीले खाटेवर बसला आहे. त्याच्यापुढं नाला नाई."

बुधरीबाईनं गाडीची चावी मुठीत धरली. "पोट्टी म्हन्ते ना, जरा थांब."

"पोरगा गेला तं त्या मुठीत काय राहीन?"

तिनं मूठ उघडली.

प्रियानं तवर लॅपटॉपवर माह्या आतलं सेटिंगचं पान उघडलं होतं. "माय वं, तुह्या मोबाइल पंधरा कसा झाला?" तिनं मोबाइलचं नेट बंद केलं, पंधरा नंबर लॅपटॉपच्या नावानं कायमचा पक्का केला. विक्की पटकन आत आला.

लोकेश नाई आला.

त्याची थापच बंद झाली होती. बाहेर चैतूभाऊच्या गाडीचा आवाज दूर जाऊन राह्यला होता. बुधरीबाई दाराले धरून उभी. पान्याचा धो-धो, आनि माह्याकडं कोनाची चाहूल नाई.

मंग एक मरतुकडी थाप आली. मी उचलली आनि पंधराले नेली.

लोकेश पडद्यावर उभा झाला. लिहून राह्यला होता, "किती बोंबललो! मी उपकेंद्रात आहो. बाबाले म्हना, येऊ नोको. पूल बुडला. रस्ता कुठी सरते आनि नाला कुठी लागते, ते दिसतच नाई."

प्रिया चिखलातून अनवानी धावली. "बाबा! बाबा!"

रस्त्याच्या मोडीवर गाडीचा लाल लाइट थांबला.

चैतूभाऊ ओल्या रेनकोटानंच पडद्यापुढं बसला. एकेक अक्षर वाचलं. पुलाचं परत वाचलं. मंग म्हने, "त्याले विचार, जेवला का."

प्रियानं विचारलं. उत्तर याच्या आंधी तिकडचं नेट गेलं.

मले रातच्याले बंद कराले प्रियाचा हात माह्या बटनाकडं आला. बुधरीबाई म्हने, "राहू दे वं. त्याले चालू राहू दे."

तं दोस्तहो, गरजलं का आमाले उपटा, जरूर उपटा. पन परत लावल्यावर कोनाचा नंबर कोनाले गेला ते पाहून घ्या. थाप आली नाई म्हून कोनी मानूस मेला समजून पान्यात उतरू नोका. आंधी आपल्या घरची कडी पाहा.