हरण्याची चाल

परभणीच्या श्वान प्रदर्शनात हरण्याला न्यायचं खूळ आमच्या ह्यांचं, चंद्रभानरावांचं. मी आधी चिडलेच. कापूस वेचायला माणूस मिळेना आणि ह्यांना कुत्र्याचं कौतुक सुचत होतं!

हरण्या कारवान जातीचा. लांब पाय, आत गेलेलं पोट, हरणाचा रंग. मळणीयंत्रात पाय सापडल्यापासून हे लंगडतात. त्याच साली हरण्या पिल्लू म्हणून आमच्या गावी, वालूरला आला आणि ह्यांच्याच पायापाशी वाढला; ह्यांना सोडून एकटा कधी कुठं पळालाच नाही. दोघं शेताला निघाले की पारावरचे टवाळ म्हणायचे, "लंगड्याचं कुत्रं बी लंगडंच."

स्वतःचं ह्यांना काही वाटत नसे, कुत्र्याचं मात्र लागायचं. म्हणाले, "राजेश्री, एकदा जाणत्या माणसानं त्याला बघावं. माह्यामुळं त्याचं वाटोळं झालं का, ते तरी कळंल."

मग मीच कामाला लागले. पोळ्याच्या बैलासारखं हरण्याला न्हाऊ घातलं. रंगवायला शिंगं नव्हती म्हणून अंगभर तेल चोळलं.

मैदानावर परीक्षक बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि रुमाल मागितला. इथं तेलाची चमक नको असते म्हणे. कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याशी नाही, तर त्याच्या जातीचा अस्सल नमुना कसा असावा त्याच्याशी ताडून बघतात, हेही त्यांनीच सांगितलं. दात, छाती बघून झाली.

"आता पळवून दाखवा."

हे दोरी धरून निघाले. शेजारी हरण्या, ह्यांच्यासारखाच थबकत, अडखळत. बाई वाकून बघायला लागल्या. "याच्या पायाला काही झालंय का?"

ह्यांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. मी पदर खोचला, चपला काढल्या आणि ह्यांच्या हातातली दोरी घेतली.

"अगं, लोकं हसतील."

"हसू द्या. तुमी इथंच उभं ऱ्हावा."

मी धावायला लागले. हरण्या क्षणभर गोंधळला, त्यानं मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं आणि मग असा सुटला की मीच त्याच्यामागं ओढली गेले. माझा अंबाडा सुटला, दम लागला, तरी तो आवरेना. मागून ह्यांचा आवाज आला, "राजेश्री, कसं पळायलाय बघ! बघ की!"

नंबर काही आला नाही. थांब म्हटल्यावर तो थांबला नाही, तिथंच गुण गेले. पण बाई मुद्दाम ह्यांच्याजवळ आल्या. "पायात काही दोष नाही हो. फार सुंदर पळतो."

हे तिथंच मातीत बसले आणि त्या तेलकट मानेला मिठी मारून रडले. "येड्या, मंग इतके दिस माह्यासाठी हळू चालत व्हतास?"

फाटकाकडं निघालो तेव्हा मी दोरी सोडून दिली. हरण्या आपणहून ह्यांच्या शेजारी गेला आणि पुन्हा तसाच थबकत चालू लागला.

मी एरवी पुढं निघून जाते आणि उरका म्हणून मागं वळून ओरडते. लग्नाची बायको मी, पण हरण्याला सुचलं ते मला कधी सुचलं नव्हतं. ह्यांच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि हळू चालू लागले.